नानकटाई कुणामुळे बसली?

फराळातला एखादा पदार्थ बिघडला की मराठी घरात "आता याचं काय करायचं?" हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर येतो. पहिला प्रश्न, "हे झालं कुणामुळे?" आणि त्याची उत्तरं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत. चकली तेलात विरघळली, तर गिरणीवाला. त्याने आपल्या भाजणीआधी नक्की कुणाची तरी ज्वारी दळली. रव्याचा लाडू फुटेना, तर ऐन पाकाच्या वेळी फोन करणारी मावशी. चिवडा सादळला, तर हवा. करंजी तळणीत उकलली, तर कडा दाबणारी धाकटी जाऊ. अनारसा तुपात हसला, तर त्या क्षणी स्वयंपाकघराच्या दारात जो उभा असेल तो, मग तो नुसता पाणी प्यायला आलेला का असेना. पदार्थ करणाऱ्या बाईचं नाव या यादीत कुठंच नसतं. आठवडाभर कढईपुढे उभं राहणाऱ्या बाईला एवढं संरक्षण हवंच.

या व्यवस्थेत सगळ्यात चोख सोय नानकटाईची होती. फराळातला हा एकच पदार्थ असा की जो मळायचा घरी आणि भाजायचा परक्या भट्टीत. मैदा आपला, रवा आपला, पिठीसाखर आपली, तूप तर आपलंच. आग तेवढी बेकरीवाल्याची. नानकटाई फुलली की "तूप घरचं होतं ना!" आणि बसली, म्हणजे वर यायचं सोडून पत्र्यावर चपटी पसरली, की "काय त्या मेल्याने भट्टी तापवली होती कोण जाणे."

कोल्हापूर-सांगलीकडे, पुण्याच्या पेठांत, कोकणातल्या तालुक्याच्या गावी दसरा उलटला की बेकऱ्यांच्या मागच्या दारी बायकांची रांग लागायची. काही ठिकाणी अजून लागते. पुढच्या दाराने पाव, टोस्ट, खारी. मागच्या दाराने स्टीलचे डबे, पितळी डबे, आणि एखादीचं झाकण हरवलेलं पातेलं, वर घट्ट बांधलेला पंचा. दर किलोवर. कुणी पीठ मळूनच आणायची, कुणी सामान देऊन बेकरीतच मळून घ्यायची. या दुसऱ्या वर्गातल्या बायका पीठ मळून होईपर्यंत तिथून हलत नसत. आपलं तूप आपल्याच पिठात पडलं ना, हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्यांना चैन नसे.

वेळ दुपारची. यामागे शास्त्र होतं. विटांची भट्टी आधी पावासाठी सणसणीत तापवतात. पाव निघाले की आच उतरू लागते, आणि त्या उतरत्या आचेवर नानकटाई मंद, खालूनवरून सारखी भाजते. त्यामुळे रांगेत फार पुढे नंबर लागला तर बुडं करपायची आणि फार मागे लागला तर भट्टी निवलेली. मधला नंबर उत्तम. तो मिळवण्यासाठी "तुम्ही व्हा पुढे, मला काही घाई नाही" असं औदार्य दाखवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पुढे झालेली बाई आभारही मानायची.

पत्रे भरले की प्रत्येक पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी. ही चिठ्ठी भट्टीतून खरपूस तांबूस होऊन बाहेर यायची आणि तिच्यावरचं 'जोशी' वाचता आलं तरी तीन जोशींपैकी कोणत्या, हे कळायचं नाही. म्हणून जाणत्या बायका चिठ्ठीवर विसंबत नसत. एक जण प्रत्येक नानकटाईवर अंगठा दाबायची. दुसरी मधोमध चारोळी लावायची. तिसरी सुरीच्या पाठीने फुली काढायची. पिस्त्याचा काप लावणारीकडे बाकीच्या जरा वळून बघत. सजावट म्हणतात ती आमच्या गल्लीत आली ती अशी, मालकीहक्काची खूण म्हणून. शोभा नंतरची.

आणि मग पत्रे बाहेर आले की तो संवाद. तो दर वर्षी तोच असे आणि तरी दोन्ही बाजू तो पहिल्यांदाच होत असल्यासारखा मनापासून करत.

"चाचा, बसल्या की हो सगळ्या!"

"ताई, भट्टीचं काही नाही बघा. तूप पातळ होतं तुमचं."

"तूप? म्हशीचं, घरी कढवलेलं तूप आहे ते."

"तेच म्हणतो मी. चांगलंच आहे. पण पातळ होतं."

खरं तर चाचांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असे. नानकटाईचं तूप घट्ट हवं. ते हाताने पांढरं, हलकं होईपर्यंत फेसायचं, म्हणजे त्यात हवा धरते. पिठाला भट्टीत धीर यायच्या आत तूप वितळलं की नानकटाई पसरते. आता दिवाळी येते ऑक्टोबर हीटमध्ये. बरणीतलं तूप त्या दिवसांत आपणहून ओघळत असतं. थंड पाण्यात पातेलं ठेवून ते थिजवावं, मळलेलं पीठ जरा गार जागी विसावू द्यावं, हे उपाय सगळ्यांना ठाऊक होते. पण भट्टीचा नंबर दुपारी तीनचा आणि घर तापलेलं, त्याला कोण काय करणार?

बेकरीच्या काचेच्या बरणीतल्या विकाऊ नानकटाया मात्र छाती काढून उभ्या. कारण त्यांच्यात वनस्पती तूप. डालडा बाजारात आला 1937 साली आणि तेव्हापासून तो उन्हाळ्यातही आपला आब राखून आहे. रांगेतल्या बायका त्या बरणीकडे बघून "डालड्याच्या आहेत" असं नाक मुरडून म्हणत. म्हणताना नजर मात्र त्यांच्या उंचीवर खिळलेली.

त्या उंच नानकटाईच्या माथ्यावरची चीर हा आणखी एक गमतीचा भाग. वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतून सोड्याचा वायू वर ढकलतो, आणि माथा तडकतो. लाडू तडकला तर लाज, करंजी तडकली तर तळणीचं वाटोळं, पण नानकटाई तडकली तर "वा, काय सुरेख भेग पडलीय!" अख्ख्या फराळात तडकल्याबद्दल शाबासकी मिळवणारी ही एकटीच. कदाचित ती मूळची आपल्या घरातली नाही म्हणून तिला ही सवलत असेल. तिचं नाव सुरतेशी जोडतात. डचांची बेकरी पुढे चालवायला घेतलेल्या दोटीवाला या पारशी घराण्याशी. डच गेले, बेकरी राहिली, आणि नानकटाई खानदेशाच्या वाटेने आली की मुंबईच्या, ते नानकटाईलाच माहीत.

बिस्किटावरून दोष कुणाला लावायचा हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही म्हणा. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्यात ख्रिस्ती लोकांच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. मंडळी साधीसुधी नव्हती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी स्नेह्यांसाठी पुढे प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यावरून सुधारकांनी रानड्यांना आणखी वेगळा दोष लावला. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत हे सगळं आलं आहे. त्या बिस्किटांची चव कशी होती, हे मात्र कुणीच लिहून ठेवलेलं नाही. एवढ्या मोठ्या वादात बिस्किट खुसखुशीत होतं की सादळलेलं, हा साधा मुद्दा राहूनच गेला. आजचा पुणेकर असता तर आधी तेच सांगितलं असतं, आणि वर कयानीच्या श्रूजबेरीशी तुलना केली असती.

तर अशी सुरळीत चाललेली व्यवस्था मोडली ती घरात ओव्हन आला तेव्हा.

तसं घरच्या घरी भाजण्याचं खूळ जुनं आहे. कुकरची शिट्टी आणि रबर काढायचं, तळाशी मीठ किंवा वाळू पसरायची, वर ताटली, आणि झाकण लावून आत काय चाललंय याचा अंदाज वासावर घ्यायचा. नंतर तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आला, झाकणाला मधोमध काच असलेला. अर्ध्या गल्लीत एकच असायचा आणि पाटा-वरवंट्यापेक्षा जास्त घरं फिरायचा. पण त्या दोन्हींत दोषाची सोय शाबूत होती. कुकरमध्ये झालं तर "कुकरच तो, त्यात काय होणार!" आणि ओव्हन मागून आणलेला असेल तर तो ज्यांचा त्यांचा. परत देताना "तुमचा ओव्हन एका बाजूने जास्त तापतो हं" असं सांगितलं की आपली बाजू मोकळी.

मग विजेवरचा ओटीजी आला. आपल्या पैशाने, आपल्या ओट्यावर, वॉरंटी कार्डासकट. आता पीठही आपलं, तूपही आपलं आणि आगही आपलीच. नानकटाई बसली की बायका सवयीने दाराकडे बघायच्या आणि तिथं चाचा नसायचे.

दोष असा निराधार फार दिवस राहत नाही. पहिला आसरा त्याला आकड्यांनी दिला. आपली पाककृती वाटीत. कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याचं माप देऊन कितीतरी नव्या संसारांना हात दिला, पण सासूबाईंची वाटी, आईची वाटी आणि आमटीची वाटी या तीन स्वतंत्र वाट्या आहेत, हे त्या तरी कुठवर सांगणार? त्यात मोबाईलवरची कृती 'कप'मध्ये. अमेरिकी कप म्हणजे साधारण 240 मिलिलीटर. आपला कप म्हणजे पाहुण्यांचा, रोजचा की कान तुटलेला, यावर अवलंबून. आमच्या शेजारच्या काकूंनी तर उष्णतेचाच घोळ घातला. कृतीत 350 लिहिलेलं. ओव्हनचं बटण 250 ला संपतं. काकूंनी ते शेवटपर्यंत पिरगाळलं आणि "बाकीचे 100 नाहीत आपल्याकडे" म्हणून दहा मिनिटं वाढवून दिली. 350 फॅरनहाइट म्हणजे साधारण 177 सेल्सियस, हे त्यांच्या मुलाने धूर निवल्यावर सांगितलं. काकूंनी दोष अमेरिकेवर ठेवला, आणि मला तरी तो न्याय्य वाटतो. जगाने सेल्सियस धरल्यावर एकट्याने फॅरनहाइटमध्ये कुकी भाजत बसायचं म्हणजे काय?

दुसरा आसरा घरच्या पुरुषांनी दिला. चकलीच्या वेळी जो माणूस हॉलमध्ये पेपर वाचत बसायचा, तो ओव्हन आल्यापासून स्वयंपाकघरात येऊ लागला. कारण ओव्हन हे यंत्र आहे. तो आधी माहितीपुस्तक वाचतो. मग आतलं तापमान खरं आहे का, हे तपासायला वेगळा तापमापक मागवतो. "वरचा रॉड आणि खालचा रॉड यांत फरक आहे" असा निष्कर्ष काढतो. ट्रे मधल्या खणात ठेवायचा की वरच्या, यावर भाऊजींना फोन होतो. तोवर बाईने दोन घाणे काढलेले असतात. तिसऱ्या घाण्याच्या वेळी हे गृहस्थ आत कसं चाललंय ते पाहायला दार उघडतात, गरम हवेचा झोत चष्म्यावर येतो, काच धुरकटते, आणि आतली नानकटाई जी बसते ती बसतेच. सगळ्या घराला हायसं वाटतं. मिळाला!

त्यात पहाटेच्या अभ्यंगस्नानाला गीझर चालू आणि इकडे राहिलेला शेवटचा ट्रे ओव्हनमध्ये, असं एखाद्या नरकचतुर्दशीला झालं तर वीज जाते. मग घर अंधारात, अंगाला उटणं, केसांत तेल, आणि जिन्यात मेन स्विचपाशी वर्षभर न भेटलेले शेजारी. यात दोष महावितरणकडे जातो. बिचाऱ्यांच्या ते गावीही नसतं.

इकडे मूळच्या भट्टीवाल्यांनाही आता वर बोट दाखवायला जागा मिळाली आहे. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. हवेच्या दृष्टीने योग्यच. पण पावाला पूर्वीची चव राहिली नाही, खारीला पदर सुटत नाहीत, बिस्किट जरा कच्चं लागतं, या सगळ्या तक्रारींना यापुढे "कोर्टाची ऑर्डर आहे" हे उत्तर मिळणार. त्यापुढे अपील कुठे करायचं?

सजावटीचं सध्याचं प्रस्थ मी याच हिशेबात धरते. साधी नानकटाई काही लपवू शकत नाही. बसली तर बसलेली दिसते. पण तिच्याऐवजी पातळ कुकी केली, आकाशकंदिलाच्या, पणतीच्या साच्याने कापली आणि वरून आयसिंगचा लेप दिला, तर खाली करपलंय, कच्चं आहे की वाकलंय, देव जाणे. चारोळीने खूण होत होती. आयसिंगने पांघरूण होतं. म्हणून गेल्या काही वर्षांत दिवाळीच्या ताटात अचानक जांभळे कंदील आणि गुलाबी पणत्या दिसू लागल्या.

हे रंगकाम सोपं नाही. रॉयल आयसिंग म्हणजे पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा भाग. कडा काढायला घट्ट, आतला भाग भरायला पातळ. कोन धरायचा, कागद वर उचलत धार सोडायची, रेघ ओढायची नाही, पडू द्यायची. ज्या मुलींनी मेंदीचे कोन धरले आहेत त्यांना हे पहिल्या फटक्यात जमतं. वीस वर्षं नवऱ्याच्या बुटांना पॉलिश करून देणाऱ्या आमच्या वहिनीलाही जमलं, ते कसं ते कळलं नाही. पण लक्ष्मीपूजनाच्या ताटात अंडं कसं चालणार? यावर उपाय निघाला तो फ्रान्समधून. जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच गायकाच्या 2014 साली लक्षात आलं की छोल्यांसारखी कडधान्यं ज्या पाण्यात शिजलेली असतात, ते पाणी फेटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं. झालं. तेव्हापासून काही घरांत वसुबारसेला छोल्यांची उसळ होते, आणि उसळ खाणाऱ्यांना ती का झाली हे सांगितलं जात नाही. मला विचाराल तर हा शोध ज्या देशाला उसळ माहीत नाही त्याने लावावा आणि ज्या देशात घरोघरी कडधान्याचं पाणी कट म्हणून भुरकलं जातं त्याने इतकी वर्षं फेटून बघू नये, याला काय म्हणावं?

एवढं करून आयसिंग मुंबईच्या दमट हवेत वाळत नाही. पंख्याखाली ठेवा, एसीत ठेवा, वर बोट लावलं की ठसा. ठसा कुणाचा यावर पुन्हा चौकशी. आणि वाळलं तर असं वाळतं की कवळी असलेल्या आजोबांना त्या ताटापासून लांब बसवावं लागतं. एवढ्या कलाकुसरीच्या कुकीचा फोटो निघतो, सगळ्या ग्रुपवर जातो, खाली टाळ्या आणि बदाम येतात. खातं मात्र कुणी नाही. भाऊबीज होते, पांडवपंचमी होते, चिवड्याच्या तळाशी फक्त मीठ आणि जिऱ्याची पूड उरते, तरी जांभळे कंदील डब्यात तस्सेच. तुळशीच्या लग्नाला ते कामवाल्या मावशींना देऊ करावे, तर त्याही म्हणतात, "त्यापेक्षा शंकरपाळ्या असतील तर द्या."

शहाण्या घरांनी यातूनही वाट काढली आहे. ओटीजीत आता कढया ठेवतात आणि नानकटाई बी विंगमधल्या एका बाईंकडून मागवतात. त्या घरी करतात. म्हणजे 'घरची' हा शब्दही राहतो, फक्त घर त्यांचं. बिघडली तर बी विंग. चाचांची गादी त्यांच्याकडे गेली म्हणायची. पण त्या चाचांपेक्षा हुशार, त्यांच्या खोक्यावर छापलेलंच असतं, "हाताने बनवलेल्या असल्यामुळे आकार व रंगात थोडा फरक संभवतो." याला अटकपूर्व जामीन म्हणतात.

डिसेंबरात हेच साचे पुन्हा बाहेर निघतात. कंदील जाऊन चांदण्या, झाडं, जिंजरब्रेडची माणसं येतात. या माणसांच्या आकाराच्या बिस्किटांची सुरुवात इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारात झाली, तिथं पाहुण्यांच्या रूपाची बिस्किटं करून पाहुण्यांनाच देत, असं सांगतात. पाहुण्याचं नाक चुकलं तर आचाऱ्याचं काय होई, ते सांगत नाहीत. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी कुकी सजवण्याचं शिबिर असतं. प्रत्येक मुलापुढे चार कोऱ्या कुकी, लाल-हिरवं-पांढरं आयसिंग आणि चंदेरी गोळ्यांची वाटी. मी तिथं भिंतीला टेकून उभी राहते, कारण एवढी करमणूक दुसरीकडे मिळत नाही. एक मुलगा नळी थेट तोंडात धरून पांढरं आयसिंग संपवतो आणि रिकामी नळी मोठ्या जबाबदारीने परत करतो. एकीने सगळ्या चंदेरी गोळ्या एकाच झाडावर बसवलेल्या असतात. झाड दिसत नाही, बाकी तिन्ही कुकी कोऱ्या. एकाने जिंजरब्रेडच्या माणसाला भरघोस मिशा आणि फेटा काढला, तर त्याची आई मागून, "अरे, सांता आहे तो!"

"नाही, आबा आहेत."

त्यानंतर अर्ध्या तासात मुलं घसरगुंडीवर असतात आणि टेबलाभोवती आया. जिभेचं टोक बाहेर काढून, श्वास रोखून, त्या मुलांच्या नावावर चांदण्या रंगवतात. एकीची रेघ वाकडी गेली की ती चटकन म्हणते, "आमच्या चिरंजीवांचा प्रताप!" चिरंजीव पन्नास फुटांवर उलटे लोंबकळत असतात.

वसईला एका मैत्रिणीकडे नाताळआधी जाते, तिथला कारभार मला अधिक पसंत आहे. तिथं कुलकुल होतात. मैदा, नारळाचं दूध, तूप यांचं मऊ पीठ. बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या चमच्याच्या पाठीवर दाबून चपटी करायची आणि अलगद गुंडाळायची, की अंगावर रेघा उमटलेली सुरळी तयार. गोव्यात यांनाच किडयो म्हणतात, ती नुसती नजरेची गोष्ट आहे, चवीवर जाऊ नये. तळायच्या, साखरेच्या पाकात घोळायच्या. महत्त्वाचं म्हणजे एकटीने करायच्या नाहीत. आजी, सुना, नातवंडं, सुट्टीवर आलेला बोटीवरचा काका, सगळे एका टेबलाभोवती बसतात आणि मधल्या परातीत ढीग वाढत जातो. कुणाची सुरळी घट्ट, कुणाची सुटलेली, कुणाची भलतीच लठ्ठ. ढिगात पडली की ती कुणाचीच नाही. दोष परातभर पसरतो आणि कुणाच्या वाट्याला चमचाभरही येत नाही. अपवाद फक्त आजींचा. त्या मधूनच एक उचलतात, चष्म्याखालून बघतात आणि परत टाकतात. नाव घेत नाहीत. पण काका तेवढ्यात उठून सिगरेट ओढायला जातात.

आणि आमची नणंद न्यू जर्सीत. तिथं चकली तळायला घेतली की छतावरचा धुराचा भोंगा केकाटतो, म्हणून तिची दिवाळी हळूहळू ओव्हनमध्ये गेली. शंकरपाळी भाजलेली, करंजी भाजलेली, चिवडाही ओव्हनमधून काढलेला. डिसेंबरात ऑफिसात कुकींची देवाणघेवाण असते, प्रत्येकाने घरच्या डझनभर आणायच्या आणि दुसऱ्यांच्या डझनभर न्यायच्या. तिथं ती नानकटाई नेते आणि वेलदोड्याच्या वासाने भाव खाऊन येते. मुलगा पाच वर्षांचा. नाताळच्या आदल्या रात्री सांतासाठी ताटलीत कुकी आणि पेलाभर दूध ठेवायची तिकडची रीत. हे मला आवडतं. आपले देव नैवेद्य डोळ्यांनीच घेतात आणि ताट जसंच्या तसं परत करतात, त्यामुळे त्यांचं खरं मत कधी कळत नाही. सांता प्रत्यक्ष खातो. म्हणजे घरातला बाप रात्री दिवे घालवून खातो.

गेल्या नाताळात घरात नानकटाईच होती, म्हणून तीच ठेवली. चार. त्यांतल्या दोन चांगल्याच बसलेल्या होत्या. बापाने रात्री दीड खाल्ली आणि त्याला झोप आली. सकाळी पोराने ताटली पाहिली आणि तोंड एवढंसं केलं. सांताने अर्धी उष्टी टाकलेली, दोनांना हातच लावलेला नाही! तेवढ्यात पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. पोराने ताटली कॅमेऱ्यापुढे धरली. नणंद मागून हळूच म्हणाली, "आई, अगं जरा बसल्या होत्या. इथलं बटर..."

सासूबाईंनी तिला हातानेच गप्प केलं. चष्मा वर सरकवला, ताटली नीट पाहिली आणि नातवाला म्हणाल्या, "रडू नकोस, राजा. नानकटाई उत्तम झालीय. तिकडच्या लोकांना तुपाची सवय नसते."